हिवाळ्यातला मळा: खान्देशकरांनो, तुमच्या आठवणी सांगा

तापीकाठची
सकाळी बातमी पाहिली, धुळ्यात पारा ६ अंशांवर. मी इथे चिंचवडला चहा ठेवत होते आणि एकदम बापूंची हाक कानात आली, "ऊठ वं माय, लाईट उनी!"

चोपडा तालुक्यात आमचा चार एकर मळा. मोटारीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीची असली की बापू आणि मी गव्हाला पाणी भरायला जायचो. भाऊ लहान होता. मी अकरा वर्षांची. विहिरीचं पाणी पाईपातून पडतं तिथे थंडीत कोमट लागतं, वरून वाफ निघते. बापू मला तिथेच उभं करायचे, पाय पाण्यात ठेव म्हणायचे. स्वतः कंदील घेऊन वाफ्याच्या पार शेवटाला. पाणी पोचलं की कंदील दोनदा हलवायचे, मग मी फावड्याने पाणी पुढच्या वाफ्यात वळवायचे. तेच पाणी त्यांच्यापर्यंत जाईतो बर्फगार झालेलं असायचं. हे मला फार उशिरा कळलं, लग्न झाल्यावर.

घरी आलो की आई आमसुलाच्या तेलाचा गोळा पळीत वितळवून त्यांच्या टाचांच्या भेगांत सोडायची. बापू दात आवळून बसायचे. भेगा एवढ्या की त्यात चार आण्याचं नाणं उभं राहिलं असतं.

तुमचंही लिहा. दोन ओळी असल्या तरी चालतील.

कांदेबाग
ताई रडवलंत सकाळी सकाळी. आमच्याकडे रावेरला केळी. थंडीत सगळ्यात जास्त धास्ती केळीची. पारा दहाच्या खाली गेला की पान निघायचं थांबतं, निसवायला (बाहेर पडायला) आलेला घड अडकून बसतो, आणि जो निसवला त्याची साल काळपट पडते. मग व्यापारी बागेत पायच ठेवत नाही. म्हणून पहाटे बांधाबांधाला ओला पालापाचोळा पेटवून धूर करायचा आणि रात्रीच पाणी भरायचं, म्हणजे जमीन थोडी ऊब धरते. आम्ही तिघे भाऊ तीन कोपऱ्यांना. जाळ झाला की आबा ओरडायचे, जाळ नको, धूर पाहिजे! शाळेत आमच्या अंगाला धुराचा वास यायचा, मास्तर काही बोलायचे नाहीत, त्यांचीही केळीच होती.

दादरची भाकर
कापूस कोणी लिहिला नाही अजून? भाव येईपर्यंत कापूस घरात. पुढची खोली छतापर्यंत भरलेली, आम्ही चौघी बहिणी त्याच्यावर झोपायचो. त्याच्यासारखी ऊब कुठल्या रजईत नाही. अंगाला खाज सुटायची तो भाग वेगळा

वेचणीला आई दव उडाल्याशिवाय हात लावू द्यायची नाही. ओला कापूस वजनाला भरतो, पण तिला ते पटायचं नाही. आणि एवढं करून व्यापाऱ्याने काट्यावर ओलाव्याच्या नावाखाली क्विंटलमागे दोन किलो कापले. तिने मूठभर कापूस त्याच्या गालाला लावला, म्हणाली सांग आता ओला आहे का. तो काही बोलला नाही. कापलेलं वजनही दिलं नाही. आई जाऊन नऊ वर्षं झाली, तो प्रसंग मात्र जसाच्या तसा डोळ्यांसमोर आहे.

कांदेबाग
माउली धन्य 🙏

सातपुड्याचा
आणि भरीत?? हिवाळा म्हटलं आणि भरताचं नाव नाही

दादरची भाकर
@सातपुड्याचा येऊ द्या की हो, तुम्हीच लिहा

सातपुड्याचा
लिहितो. बामणोदची हिरवी मोठी वांगी, पऱ्हाट्यांच्या म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या जाळावर. गॅसवर भाजलेलं मी भरीत धरत नाही. गरम असतानाच सोलायची, बोटं पोळली तरी, आणि बडजीत, म्हणजे ठेचायच्या लाकडी भांड्यात, ठेचायची. वरून तेलात परतलेली लसूण-हिरवी मिरची, शेंगदाणे, कांद्याची पात. सोबत कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकर. मळ्यात बसून, केळीच्या पानावर. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ ला भौगोलिक मानांकन मिळालं, आमच्या आजीने ते आधीच दिलेलं होतं.

पुणेरी सून
मिक्सरला फिरवलं तर चालेल का? सासर धुळ्याचं आहे, शिकतेय

सातपुड्याचा
नको ताई. बडजी नसेल तर परातीत पळीने ठेचा. मिक्सरने त्याचा लगदा होतो.

हरभऱ्याची आंब
माझी आजी पहाटे हरभऱ्याच्या शेतात पांढरं धोतर घेऊन जायची. पाल्यावरून ते हलक्या हाताने फिरवायचं, दव आणि पाल्यावरची आंबट आंब त्यात टिपली जाते, मग बाटलीत पिळायचं. पोट दुखलं की पाण्यातून चमचाभर. तिच्या मागून मी अनवाणी. तापीकाठची ताईंनी भेगांचं लिहिलं म्हणून आठवलं, भेगांत ती आंब गेली की अशी चुरचुरते की विचारू नका. आजी म्हणायची, पाय उचल, पीक तुडवू नको. लेकराच्या पायापेक्षा पिकाची काळजी! तेव्हा राग यायचा. त्या हरभऱ्यावरच आमच्या तिघांच्या फिया भरल्या जायच्या.

मिरची पथारी
नंदुरबार. आईने थंडीभर मिरचीचे देठ खुडले. रात्री हातांची आग व्हायची म्हणून ताकात बोटं बुडवून बसायची. मला जवळ घ्यायची ती कोपरांनी, हात लागू नये म्हणून. आता एवढंच लिहिते, डब्याची वेळ झाली.

दादरची भाकर
😢 कोपरांनी...

कांदेबाग
@तापीकाठची तुमचं गाव कुठलं? चोपड्याच्या अलीकडे की पलीकडे? माझी मावशी तिकडेच दिलीय

तापीकाठची
अलीकडे, नदीला लागून. मावशी कुठे असतात?

कांदेबाग
अहो मग शेजारचंच गाव! सारंगखेड्याच्या यात्रेला तुमच्याकडूनच बैलगाड्या जायच्या ना दत्तजयंतीला. आम्ही मावशीकडे मुक्कामाला यायचो आणि गाडीत कडब्यावर झोपून जायचो. घोडे बघायला. घेतला कधीच नाही, पण आबा प्रत्येक घोड्याचे दात बघायचे.

मळ्यातली वहिनी
मी अजून मळ्यातच राहते म्हणून आठवण नाही, चालू गोष्ट सांगते. थोरली पौषात झाली. सासूबाईंनी दवाखान्यातून आल्यापासून सव्वा महिना मला चुलीपाशी जाऊ दिलं नाही. बाजेखाली गोवऱ्यांचा विस्तव, त्यावर ओवा-शेपा. म्हशीचं दूध पहाटे चारला त्याच काढायच्या, गुडघे दुखत होते तरी. आता त्यांना उठवत नाही, मी जाते. त्या जाग्याच असतात. अंथरुणातून विचारतात, "स्वेटर घातला का वं?"

पुणेरी सून
किती छान सासूबाई. शेपा म्हणजे बडीशेप का?

मळ्यातली वहिनी
नाही, बाळंतशेपा. कुठल्याही काष्टौषधीच्या दुकानात मिळतील. बडजी पाहिजे असेल तर सांगा, आमच्याकडे दोन आहेत.

तापीकाठची
सगळ्यांचं वाचलं. मघाशी बापूंना फोन लावला. आता भावाने ऑटो स्टार्टर बसवलाय, लाईट आली की मोटार आपोआप सुरू होते, कोणाला उठायला लागत नाही. तरी बापू दोनला उठून ओट्यावर येतात, मोटारीचा आवाज ऐकू येतो का बघतात आणि मग झोपतात. मी विचारलं, टाचा कशा आहेत? म्हणाले, तू पाठवलेलं मलम तुझी आई लावते, पण ते तेलाइतकं पोळत नाही, म्हणून गुण येत नसावा. आमसुलाचे गोळे पिंपरीत कुठे मिळतील कोणी सांगेल का? शनिवारी गावी चाललेय.