मदत हवी आहे: वकिलाने मुदतीत उत्तर पाठवले नाही, तक्रार कोठे करावी? (अमेरिका)

त्रस्त अर्जदार:
इमिग्रेशन खात्याने आणखी पुरावे मागितले होते. वकिलाने मुदतीत उत्तर पाठवले नाही आणि आता अर्ज फेटाळल्याचे पत्र आले आहे. फोन केला की 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' एवढेच ऐकायला मिळते. अशा वकिलाला जाब कोण विचारतो, ते कृपया लवकर सांगावे. दुसरा वकील करण्याचा सल्ला नको, तो मलाही सुचतो.

नियमपाल:
अर्ज कोणता, हेच आपण लिहिलेले नाही. आय-१४०, म्हणजे नोकरीवर आधारित ग्रीन कार्डची पहिली पायरी, असेल तर तो सहसा कंपनीचा अर्ज असतो आणि वकीलपत्र, म्हणजे फॉर्म जी-२८, बहुधा कंपनीच्याच वतीने दिलेले असते. मग वकील 'माझे अशील कंपनी आहे' असे म्हणून मोकळा होऊ शकतो. आय-४८५, म्हणजे प्रत्यक्ष ग्रीन कार्डचा अर्ज, असेल तर अर्जदार आपण स्वतः असता. जी-२८वर सही कोणाची आहे?

जुना जाणकार:
इतक्या खोलात शिरण्याची गरज नाही. वकिलाचे कार्यालय ज्या राज्यात आहे तेथील बारकडे, म्हणजे वकिलांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेकडे, तक्रार ठोकून द्या. माझ्या मेव्हण्याने तेच केले आणि इतके दिवस अडवून ठेवलेली फाइल निमूटपणे परत आली.

नियमपाल:
कार्यालय नव्हे, आधी सनद कोणत्या राज्याची आहे ते पाहावे. १९६५च्या एजन्सी प्रॅक्टिस ॲक्टनुसार कोणत्याही एका राज्याची वैध सनद असलेला वकील बहुतेक केंद्रीय खात्यांपुढे उभा राहू शकतो, त्यामुळे कार्यालय एका राज्यात आणि सनद दुसऱ्याच राज्याची, हे इमिग्रेशनच्या वकिलांत सर्रास आढळते. शिवाय खात्याची स्वतःची शिस्तपालन व्यवस्था आहे: तक्रारीचा फॉर्म ईओआयआर-४४ भरून होमलँड सिक्युरिटीच्या, म्हणजे इमिग्रेशन ज्याच्या अखत्यारीत येते त्या खात्याच्या, शिस्तपालन वकिलाकडे तक्रार देता येते. कामात हयगय करणे आणि अशिलाशी संपर्क न ठेवणे ही दोन्ही कारणे नियमांत स्पष्ट दिलेली आहेत, आणि शिक्षा ठपक्यापासून कायमच्या बंदीपर्यंत होऊ शकते.

करवाला:
प्राप्तिकर खात्यापुढे येणाऱ्या वकिलांना आणि लेखापालांना सर्क्युलर २३० ही नियमावली लागू होते व त्यासाठी वेगळे कार्यालय आहे. माहितीसाठी.

जुना जाणकार:
करवाला, येथे कराचा विषय कोणी काढला? आणि नियमपाल, वकिलाला शिक्षा झाल्याने यांचा अर्ज जिवंत होणार आहे का?

नियमपाल:
होणार नाही, हे मान्य. उत्तर न दिल्यामुळे 'सोडून दिलेला' म्हणून फेटाळलेल्या अर्जावर अपील नसते, मात्र ३० दिवसांत प्रकरण पुन्हा उघडण्याची विनंती करता येते. तिचे कारण वकिलाची हयगय हे असेल, तर 'मॅटर ऑफ लोझाडा' या १९८८च्या निर्णयातील तीन अटी पाळाव्या लागतात: आपले सविस्तर प्रतिज्ञापत्र, वकिलाला आरोप कळवून उत्तराची संधी, आणि बारकडे केलेली तक्रार किंवा ती न करण्याचे कारण. म्हणजे आपण सांगता ती तक्रार आणि ही विनंती एकमेकींत गुंतलेल्या आहेत.

त्रस्त अर्जदार:
अर्ज आय-४८५ आहे, जी-२८वर सही माझीच आहे. वैद्यकीय तपासणीचा आय-६९३ मागितला होता. डॉक्टरांनी दिलेला सीलबंद लिफाफा मी न फोडता मुदतीच्या आत वकिलाकडे कुरियरने पाठवला. तो घेतल्याची त्यांच्या कार्यालयाची सही असलेली पावती माझ्याकडे आहे.

नियमपाल:
ही पावती सर्वांत मोलाची, ती प्रतिज्ञापत्राला जोडावी. वकिलाला आरोपांचे पत्र आजच पोच मिळेल अशा टपालाने पाठवा, कारण उत्तरासाठी त्याला काही दिवस द्यावे लागतील आणि तेही याच ३० दिवसांतून जाणार. फेटाळल्याच्या पत्रावर छापलेली तारीख कोणती? मुदत तेथून मोजतात, पत्र हाती पडल्यापासून नव्हे.