मदत हवी आहे: भिजलेली जुनी मासिकं आणि आंबट वास येणारा घोडा

नमस्कार मंडळी,

प्रश्न जरा विचित्र आहे, हसू नका.

१९८७ साली आई-बाबांबरोबर नाशिकहून न्यू जर्सीला आले तेव्हा मी नऊ वर्षांची होते. वर्गातल्या ज्या दोन मुली माझ्याशी बोलायच्या, त्या दोघी ब्रेयरचे घोडे जमवायच्या. मग मीही जमवायला लागले. (ब्रेयर म्हणजे प्लास्टिकचे, पण शिरा-स्नायूंसकट हुबेहूब घोडे. मोठे असतात ते खऱ्याच्या एक नवमांश. मूळची शिकागोची मोल्डिंग कंपनी, १९५० मध्ये एका घड्याळाच्या कंपनीसाठी घड्याळाजवळ उभा करायला घोडा करून दिला आणि पुढे घोड्यांचीच झाली.)

या छंदाची मासिकंही निघायची. 'जस्ट अबाउट हॉर्सेस' ब्रेयरचं स्वतःचं, 'द हॉबी हॉर्स न्यूज' स्वतंत्र, शिवाय कोणीतरी घरी टाइप करून झेरॉक्स काढलेली पत्रकं. माझी दोन खोकी आईच्या बेसमेंटमध्ये होती. गेल्या आठवड्यात पावसात तिथला पाणी उपसणारा पंप बंद पडला. वरचं खोकं वाचलं, खालचं भिजलं.

आवरायला म्हणून बसले आणि तीन रात्री वाचतच राहिले. तेव्हा पोस्टाने फोटोंच्या स्पर्धा चालायच्या. घोडा अंगणात ठेवायचा, पालथं पडून असा फोटो काढायचा की गवताचं पातं झाडाएवढं दिसू नये, मागे घोड्याचं नाव आणि जात लिहून परीक्षकांना पाठवायचा, सोबत परतीचं तिकीट लावलेलं पाकीट. निकाल यायला महिना-दीड महिना. बाबांच्या ३६च्या रोलमधले ३० फोटो घोड्याचे निघाले तेव्हा घरात जे झालं ते लिहीत नाही.

माझी लाडकी मिस्टी. १९७२ पासून ब्रेयर ती काढायचं, पांढऱ्यावर सोनेरी डाग. आजीने पाहताक्षणी सांगितलं, "ही तर अबलख!" तिच्या लहानपणी गावात घोडे होते, त्यामुळे कुमाईत, पंचकल्याणी अशी घोड्यांच्या रंगांची नावं सगळी तोंडपाठ. मी मिस्टीचं नाव अबलखच ठेवलं. एका निकालपत्रावर परीक्षकबाईंनी त्याचं 'अल्बाक' केलं होतं, ते पत्र अजून आहे.

तर अडचणी. खालच्या खोक्यातली गुळगुळीत कागदाची मासिकं एकमेकांना चिकटताहेत, पिना गंजल्यात. त्याच खोक्यात कापडात गुंडाळलेल्या मिस्टीला व्हिनेगरसारखा वास येतोय, तो पाण्याचा का?

आणि तिसरं, ज्याने खरी झोप उडालीय. आताचे संग्राहक मला स्कॅन मागताहेत. त्यांना हव्यात त्या मागच्या पानांवरच्या छोट्या जाहिराती, कारण कुठला घोडा कोणाकडून कोणाकडे गेला ते तिथेच कळतं. पण त्या जाहिराती दिल्यात बारा-चौदा वर्षांच्या मुलींनी. पूर्ण नाव, घराचा पत्ता, फोन नंबर. माझीही आहे एक. आज माझ्या मुलीचा पत्ता असा कुठे छापला तर मी काय करीन? द्यावं की नाही?

- अबलख

*

कागदी_होडी: ताई, वाचन थांबवा आणि आधी ओले अंक फ्रीझरमध्ये टाका. आर्ट पेपरवर, म्हणजे त्या गुळगुळीत कागदावर, मातीचा लेप असतो, तो ओला झाला की गोंदासारखा धरतो. चिकटून वाळला तर पानं सुटत नाहीत, फाटतात. एकेक अंक पिशवीत घालून गोठवा, मग एका वेळी एकच बाहेर काढून पान ओलं असतानाच हळू सोडवा, मध्ये मेणकागद घाला. हेअर ड्रायर नको. पिना उपटू नका, पातळ सुरीने टोकं सरळ करून काढा. बुरशी दिसली तर मास्क लावा.

वास पाण्याचा नाही. हे घोडे सेल्युलोज ॲसिटेट नावाच्या प्लास्टिकचे असतात. ते विघटित व्हायला लागलं की ॲसेटिक आम्ल सुटतं, म्हणजे व्हिनेगरच. ओलाव्याने आणि उष्णतेने वेग वाढतो, पूर्ण थांबवता येत नाही. घोडा कोरड्या, गार जागी वेगळा ठेवा, हवाबंद डब्यात नको. त्या वाफेने कागदही खराब होतो आणि शेजारचे घोडेही. जुन्या फिल्मही याच ॲसिटेटच्या. पुण्याच्या घरी आमच्या वडिलांच्या निगेटिव्हचा डबा उघडला तर लोणच्याची बरणी उघडल्यासारखं झालं होतं. बाबांचे रोल कुठे आहेत? हुंगून बघा.

नाकखुपशी: पत्ते झाका, दुसरा विचारच नको. त्या मुली आज पन्नाशीच्या आसपास असतील, काहींचे आईवडील अजून त्याच घरात. लेख-फोटोंचे हक्कही कोणाचे तरी आहेत, अख्खा अंक जगासाठी टाकू नका.

अबलख: पटतंय, पण नाव पूर्ण काढलं तर जाहिरातीत उरतं काय? "चौदा डॉलर, पोस्टेज वेगळं" एवढंच. आद्याक्षर आणि गाव ठेवलं तर?

नाकखुपशी: आद्याक्षर ठेवा. गाव लहान असेल तर फक्त राज्य. तुमची स्वतःची जाहिरात पूर्ण ठेवा की, ती तुमचीच आहे!

अबलख: नाही ठेवत. त्या घरात आता दुसरे लोक राहतात.

ताजी खबर: २३ अंक आईच्या फ्रीझरमध्ये, भेंडीच्या पाकिटांना लागून. आई म्हणते, "घोडे गेले, घोड्यांची पुस्तकं आली, भाजी कुठे ठेवू?" सात अंकांची पानं सुटली, दोन गेले. बाबांच्या निगेटिव्ह कपाटात वरच्या कप्प्यात सापडल्या. कागदी_होडी, तुम्ही म्हणालात तेच, एका पाकिटाला आंबट वास आहे आणि पट्ट्या कडेला वळल्यात. नेमकं त्याच पाकिटावर बाबांच्या अक्षरात लिहिलंय: "घोडे. पुन्हा."

वळलेली पट्टी स्कॅनरवर सपाट कशी बसवायची? काचेखाली दाबली तर तडकेल का?