घड्या दिसल्या म्हणून नाकारू नका

एकांनी विचारलंय की 'ब्लेड रनर' सिनेमाच्या १९८२ च्या मूळ अमेरिकन पोस्टरला घड्या आहेत, तर माल खराब समजायचा का? अहो, अजिबात नाही. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत तिकडे थिएटरांना पोस्टरं सहसा घडी घालूनच जायची. मी तर एकदम गुळगुळीत पोस्टर दिसलं की नक्कल तर नाही ना हे बघायला आधी मोजायची टेप काढतो. त्या काळचं वन-शीट, म्हणजे अमेरिकन थिएटरांचं नेहमीच्या आकाराचं पोस्टर, साधारण २७ बाय ४१ इंच, बाजारातल्या नकला बहुतेक २४ बाय ३६.

त्या अमेरिकन पोस्टरवरचं जॉन अल्विनचं चित्र देखणंच आहे, पण माझा जीव जपानी बी-टू आकाराच्या पोस्टरवर. ५१.५ बाय ७२.८ सेंटिमीटर, आपल्या फ्लॅटच्या भिंतीवर आरामात मावतं. (ब्रिटिश थिएटरांचं क्वाड पोस्टर आडवं, ४० बाय ३० इंच. ते लावायचं तर आधी शोकेस हलवा आणि घरच्यांची परवानगी काढा.) खिसा हलका असेल तर चिराशीपासून सुरुवात करा. जपानी थिएटरांत फुकट वाटतात ती बी-फाइव्ह आकाराची पत्रकं.

आणि नाशिककरांनो, फ्रेमवाल्याला 'चिकटवू नको' हे दोनदा बजावा. इथल्याच एकाने माझं बी-टू फेविकॉल फासून हार्डबोर्डवर बसवलं. वर म्हणतो, "साहेब, आता सुरकुती पडणार नाही." पडली नाही, खरंय. पण पंचवटीतल्या आमच्या जुन्या घरात दोन पावसाळ्यांत कडेने पिवळे डाग उमटले आणि आता ते सोडवताही येत नाही.