जीवरक्षक नसलेल्या किनाऱ्यावर ‘गुडघ्यापर्यंतच’ हा नियम पुरेसा आहे का?

टिळकवाडीकर
शनिवार-रविवारी बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या गाड्या चोर्ला नाहीतर आंबोली घाट उतरून समुद्रावर जातात. गोव्याच्या मोठ्या किनाऱ्यांवर जीवरक्षक असतात, लाल-पिवळ्या झेंड्यांमधला पट्टा पोहायला राखलेला असतो. पण गर्दी नको म्हणून आपली माणसं शांत किनारा शोधतात आणि तिथं बहुतेक वेळा कुणीच नसतं. २०१७ च्या एप्रिलमध्ये मालवणजवळ वायरीला बेळगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजची ८ मुलं बुडाली. त्या गावचे लोक ती तारीख अजून विसरलेले नाहीत, आपण मात्र विसरत चाललोय.

माझं म्हणणं एवढंच: जिथं जीवरक्षक नाही, तिथं गुडघ्याच्या वर पाणी नाही. पट्टीचा पोहणारा असला तरी नाही. आपल्याकडची पोरं पाठीला डबा बांधून विहिरीत शिकतात. विहिरीचं पाणी जागेवर असतं, दमलं की कडेला हात लागतो. समुद्रात कड नाही. आणि जून ते सप्टेंबर पाण्यात पाऊलसुद्धा टाकू नये. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटी किनाऱ्याला ओढून ठेवतात. रोज समुद्रावर जगणारा माणूस थांबतो, तिथं आपण कोण?

खानापूर नाका
पावसाळ्याचं पूर्ण पटलं. गुडघ्याचं नाही पटलं, दादा. दोन लाटांच्या मधे गुडघाभर असलेलं पाणी लाट आली की कमरेला लागतं. परतताना तेच पाणी टाचेखालची वाळू ओढून नेतं, खड्डा पडतो आणि माणूस मागं बसतो. त्यात साडी किंवा जीन्स भिजली की उठणं अवघड. वाळू जाडी आणि उतार तीव्र असेल, तर लाट थेट पायाशी आपटते. तिथं सहा वर्षांच्या पोराला गुडघाभरही जास्त झालं.

नियमापेक्षा पाणी वाचायला शिकवा. उंचावरून पंधरा मिनिटं नुसतं बघा. लाटा गटागटानं येतात. पाच मिनिटं शांत दिसलं म्हणून आत गेलं की मोठा गट येऊन गाठतो. पांढऱ्या फेसाच्या रांगेत मधेच एखादी जागा फेसाशिवाय असते, पाणी गडद आणि सपाट दिसतं, वाळूमिश्रित गढूळ पट्टा किंवा फेसाचे तुकडे तिथून आत, समुद्राकडं सरकताना दिसतात. घरची माणसं पोरांना नेमकी तिथंच सोडतात, कारण लाट कमी दिसते. ती परतीची ओढ, रिप करंट. लाटांनी वाळूच्या दांड्यावरून, म्हणजे पाण्याखालच्या वाळूच्या उंचवट्यावरून, किनाऱ्याकडं आणलेलं पाणी दांड्यातल्या खाचेतून परत समुद्राकडं जातं. वेग सेकंदाला अर्धा ते एक मीटर, कधी दोनच्याही वर. त्याच्या विरुद्ध पोहून कुणी जिंकत नाही.

एक गैरसमज मात्र काढून टाका. ही ओढ खाली खेचत नाही, खोल समुद्राकडं नेते. माणूस बुडतो तो किनाऱ्याकडं तोंड करून झुंजल्यामुळं, दमल्यामुळं. पाठीवर तरंगा, श्वास सांभाळा, हात वर करा. ओढ ढिली झाली की किनाऱ्याला समांतर, जिथं लाटा फुटताहेत तिकडं सरका आणि लाटेबरोबर किनाऱ्याकडं या.

शहापूरची ताई
हे सगळं कोरड्या वाळूवर उभं राहून बरोबर आहे हो. नाकात खारं पाणी गेलेल्या माणसाला समांतर म्हणजे कुठं, तेच कळत नाही. बऱ्याच ओढी गोल फिरून दांड्याकडं परत आणतात, काही थेट खोल समुद्रात टाकतात. आतल्याला फरक कळणार कसा? म्हणून आधी तरंगणं. ते पोहता येणाऱ्यांनाही येतंच असं नाही, तर निघायच्या आधी शिकून घ्यावं.

माझा जोर वेळेवर आहे. तिथीला पाऊणनं गुणलं की भरतीची वेळ निघते, हे मुंबईकडचं गणित. मालवण-गोव्याला ती साधारण तासभर आधी. अष्टमी असेल तर आठ पाऊण सहा, म्हणजे तिकडं पाचच्या सुमाराला पूर्ण भरती. पौर्णिमा-अमावास्येला भरती सकाळी साडेदहा-अकराच्या आसपास येते आणि पूर्ण ओहोटी दुपारी साडेचार-पाचला. आता आपला कार्यक्रम बघा की: पहाटे निघायचं, दुपारी माशाचं जेवण, तीन-चारला पाण्यात. उधाणाचा दिवस असला तर नेमकी उतरत्या पाण्याची वेळ. दांड्यावर पाणी उथळ झालं की सगळं पाणी खाचेतूनच बाहेर पडतं, ओढ वाढते. खाडीच्या मुखाशी तर ओहोटीत उतरूच नये. केरीला तेरेखोल मिळते, देवबागला कर्ली, तिथं नदीचं पाणीही त्यात येतं.

आणि ट्यूब! सकाळी मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडं वाहतो. फुगवलेल्या ट्यूबवरचं पोर हाक पोचणार नाही इतकं लांब जायला फार वेळ लागत नाही.

निपाणी, जुना जलतरण शिक्षक
तुम्ही सगळे बुडणाऱ्याबद्दल बोलताय. मागून उडी मारणाऱ्यांचं काय? एकामागून एक घरची माणसं जातात ती एकाला वाचवायला गेलेली असतात. रिकाम्या हातानं आत जायचं नाही, ही पहिली अट.

गाडीत दोन वस्तू ठेवा: पाच लिटरचा तेलाचा कॅन, झाकण घट्ट, आणि २५ मीटर दोरी, ८ मिलिमीटर जाडीची. नायलॉन नको, ते बुडतं. पॉलिप्रॉपिलीनची घ्या, ती तरंगते. कॅन पूर्ण रिकामा असला तर वारा उडवतो, म्हणून आत पाव लिटर पाणी ठेवा. दोरीचं एक टोक कॅनच्या मुठीला बांधा, दुसरं हातात धरा; खालून हात झुलवून कॅन माणसाच्या पलीकडं फेका आणि दोरी त्याच्या अंगावरून ओढत आणा.

बुडणारा ओरडत नाही, हात हलवत नाही. तोंड पाण्याच्या रेषेवर, मान मागं, नजर हरवलेली, बस्स. बाहेर काढल्यावर पोट दाबू नका, उलटं टांगू नका. श्वास नसेल तर आधी पाच वेळा तोंडानं श्वास द्या, मग छातीवर ३० दाब आणि दोन श्वास. दाब मिनिटाला १०० ते १२०, पाच ते सहा सेंटिमीटर खोल. दुसऱ्यानं तेवढ्यात ११२ किंवा १०८ लावावा. शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्यायचंच, फुप्फुसात गेलेलं पाणी काही तासांनी त्रास देतं.

टिळकवाडीकर
गुडघा लाटेगणिक बदलतो, हे मान्य. मग हद्द दोरीची ठेवू या. ओढ सेकंदाला एक मीटर धरली तर २५ मीटर दोरीचा आवाका २५ सेकंदात संपतो. म्हणजे कुणी पाण्यात असेल तेव्हा एक मोठा माणूस कोरड्या वाळूवर, कॅन हातात, मोबाईल खिशात, नजर पाण्यावर. तो माणूस नसेल तर कुणीच आत जायचं नाही.

खानापूर नाका
हे चालेल. फक्त त्या माणसाला दर वीस मिनिटांनी बदला, एकटक बघून डोळे थकतात. आणि ज्यानं दारू घेतलीय त्याच्या हातात ती दोरी देऊ नका.