राजाचा अधिकार फक्त सहीपुरता?
घटनात्मक राजेशाहीत राजा-राणी फक्त सही करतात, पंतप्रधानाला हटवू शकत नाहीत, असं म्हटलं जातं. पण ऑस्ट्रेलियाचं १९७५ साल विसरून चालणार नाही. सिनेटने, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने, अर्थसंकल्प अडवून धरला होता. ११ नोव्हेंबरला राणीचे (ब्रिटनची राणी हीच ऑस्ट्रेलियाचीही राणी) प्रतिनिधी, गव्हर्नर जनरल जॉन कर यांनी पंतप्रधान गॉफ व्हिटलम यांच्या हातात थेट बडतर्फीचं पत्र ठेवलं आणि विरोधी पक्षनेते माल्कम फ्रेझर यांना काळजीवाहू पंतप्रधान नेमलं. त्याच दुपारी कनिष्ठ सभागृहाने फ्रेझरवर अविश्वास दाखवला, तरी कर यांनी दोन्ही सभागृहं बरखास्त केली! राणीला आधी कळवलं नव्हतं, हे २०२० मध्ये खुल्या झालेल्या कर यांच्याच पत्रात आहे. फ्रेझर पुढे निवडणूक जिंकले, हे खरं. पण बहुमतातल्या पंतप्रधानाला आधी इशाराही न देणं मला तरी अजिबात पटत नाही.