अनुभव धागा : रजेत काय उरकायचं, परतल्यावर काय सांभाळायचं

सैनिक टाकळी असो की चंदगड, युद्धाची वार्ता घरात एकाच रूपात येते : रजा रद्द, फोन बंद. मागं राहिलेल्यांना आणि परतलेल्यांना उपयोगी पडेल असं लिहा. आत्मचरित्र नको, कामाचं बोला.

गडहिंग्लजची सूनबाई
लग्न झालं की पहिला प्रश्न : पार्ट टू ऑर्डर, म्हणजे लग्नाची लष्करी नोंद, निघाली का? ती नसेल तर सरकारदरबारी बायको नाहीच. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावात, म्हणून लोक थेट तिकडं धावतात. पण नोकरीत असलेल्याची नोंद युनिटच चढवतं. नावाचा घोळ ठरलेला : आधारवर सासरचं, दाखल्यावर माहेरचं. आधी आधार आणि बँक एकसारखं करा, मग युनिटला कागद. उलटं केलंत की दुहेरी हेलपाटा.

आणि ओटीपी! बँक, गॅस, विमा, सगळीकडं नवऱ्याचा नंबर. फॉरवर्डला, म्हणजे सीमेवर, तो बंद, की खात्यात पैसे असून घर अडतं. संयुक्त खातं ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात’ असं करा आणि जिथं चालतं तिथं घरचा नंबर टाका. ६० दिवसांच्या वार्षिक रजेतले पहिले चार यातच घालवा. शेवटचे चार ठेवलेत तर सुट्ट्या आडव्या येतात.

शिरोळकर
ताई, ओटीपीचं लाख बोललात. त्यात उसाची भर घाला. कारखान्याकडची नोंद, सोसायटीचं कर्ज, सगळं जवानाच्या नावावर. मुखत्यारपत्रात कामं एकेक करून लिहा : ऊसबिल, पीककर्ज, मोजणी. नुसतं ‘सर्व व्यवहार’ लिहिलं की साहेब फाटे फोडतात. बांध कोरणारे भाऊबंद तर रजा संपायचीच वाट बघत असतात. दावा लागलाच तर घाबरू नका. १९२५ च्या सैनिक दावे कायद्यानुसार, युद्धपरिस्थितीत सेवेत असलेल्या जवानाचं कामकाज कोर्टाला थांबवता येतं. वकिलाला हा कायदा आठवून द्यावा लागतो, एवढंच.

माजी नर्सिंग असिस्टंट
परतलेला जवान झोपला असेल तर खांदा हलवून उठवू नका, हात उगारला जातो. दिवा लावा, पायांच्या बाजूला दोन हात लांब उभं राहा आणि नावानं हाक मारा. फटाके, वरात कधी आहे ते आधी सांगा. अचानक आलेला आवाज जास्त लागतो. दारूनं डोळा लागतो खरा, पण पहाटे झोप मोडते आणि स्वप्नं वाढतात. पहिला आठवडा पाहुण्यांच्या जेवणावळी टाळा. लहान पोर जवळ जात नसेल तर ढकलू नका, शेजारी बसून जेवू द्या. वर्षभर वहिनींनी चालवलेलं घर दोन दिवसांत ‘शिस्तीत’ आणायला जाऊ नये, हे दादांना सांगावं लागतं. भांडणाचं मूळ बहुतेक वेळा तिथंच असतं. महिन्यानंतरही दचकणं, चिडणं, माणसं टाळणं सुरूच असेल तर उपचार हवेतच. नोकरीत असेल तर मिलिटरी हॉस्पिटल, निवृत्ताला ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांची आरोग्य योजना. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे आणि मराठीत बोलतात.

कागदवाला
वाईट घडलंच तर कागदावरचा मृत्यूच्या कारणाचा शेरा नीट वाचा. युद्धातल्या मृत्यूला उदारीकृत कुटुंब निवृत्तिवेतन, म्हणजे शेवटच्या पगाराइतकं. सेवेमुळे आलेल्या मृत्यूला विशेष, त्या पगाराच्या ६० टक्के. साधं ३० टक्के, सुरुवातीची काही वर्षं ५०. शेरा चुकीचा वाटला तर गप्प बसू नका, अपील करता येतं. अर्जाची आणि पोचपावतीची प्रत घेऊन आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा.