'जन्मजात इजा' की 'प्रसूतीत झालेली इजा'?

शाईदौत
ओळखीच्या वकिलांकडून भाषांतराचं काम आलं आहे. जिल्हा ग्राहक आयोगापुढची तक्रार. पहिलटकरीण, कळा लांबल्या, व्हॅक्यूम (डोक्याला चिकटणारी ओढायची वाटी) लावून बाळ काढलं, डोक्यावर मोठी सूज, पुढे कावीळ वाढली आणि बाळ दुसऱ्या इस्पितळात हलवावं लागलं. इंग्रजी मजकुरात जागोजागी 'बर्थ इंज्युरी' आहे. मी 'प्रसूतीच्या वेळी झालेली इजा' लिहिलं. वकिलांच्या सहायकाने ते सगळीकडे खोडून 'जन्मजात इजा' केलं, कारण सुटसुटीत आहे. मला हे अजिबात पटत नाही. तुम्ही काय लिहाल? शिवाय डोक्याला मार, इजा, दुखापत, जखम यांतलं काय चालेल?

नाचणी
तुमचंच बरोबर, सहायकाला ठामपणे सांगा. जन्मजात म्हणजे पोटातूनच घेऊन आलेलं. जन्मजात हृदयदोष, जन्मजात व्यंग. तिथे सुईणीचा, डॉक्टरचा, कुणाचाच हात नसतो. आईबापांची तक्रार आहे की हे बाळंतपणात झालं, आणि त्यांच्याच अर्जात 'जन्मजात' लिहिलं तर समोरच्या वकिलाला आयतं कोलीत मिळेल.

पाटाचं पाणी
व्युत्पत्तीने पाहिलं तर जन्मजात म्हणजे 'जन्माने झालेलं'. जन्म घेताना झालेली इजा त्यात का बसू नये? रूढी चुकीची असेल तर ती सुधारायला हवी.

नाचणी
आयोगापुढे रूढीच चालते, व्युत्पत्ती नाही. 'उपजत'चंही तसंच. उपजत शहाणपण म्हणतो, उपजत टेंगूळ कुणी म्हणत नाही.

चिंचेचा पार
'मार'वर माझा आक्षेप. मार म्हटलं की मारणारा आला.

शाईदौत
'जिन्यावरून पडून मार लागला' यात मारणारा कुठे आहे? आणि आमच्याकडे दवाखान्याच्या कागदावर 'मुका मार' लिहितात. कातडी फुटलेली नसते, आत रक्त साकळलेलं असतं. बाळाच्या डोक्याला तोच शब्द का नको?

रानजाई
मी बालरोगतज्ज्ञ आहे. इथे तीन वेगळ्या गोष्टी एका 'सूज' शब्दात कोंबल्या जात आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिली, कॅपट. वाटेत डोकं दाबलं गेल्याने कातडीखाली पाणी धरतं. बोटाने दाबलं तर खळगा पडतो, सूज कवटीच्या सांध्यांपलीकडेही पसरते, दोन-तीन दिवसांत ओसरते. हिला सूज म्हणा. नैसर्गिक बाळंतपणात सर्रास दिसते.

दुसरी, सेफॅलहिमॅटोमा. कवटीचं हाड आणि त्यावरचं आवरण यांच्यामध्ये रक्त साठतं. ते एका हाडापुरतंच राहतं, सांधा ओलांडत नाही. हिला टेंगूळ म्हटलेलं मला चालेल. जन्मल्यावर काही तासांनी दिसायला लागतं, जिरायला आठवडे, कधी महिने जातात. साठलेलं रक्त मोडतं तशी कावीळ वाढू शकते. तक्रारीतली कावीळ यातली असेल.

तिसरी, सबगेलियल हॅमरेज. हिला मात्र टेंगूळ म्हणू नका. डोक्याच्या कातडीखालच्या पटलाखाली, भुवयांपासून मानेपर्यंत पसरणारी पोकळी आहे. व्हॅक्यूमच्या ओढीने तिथल्या शिरा तुटल्या तर रक्त पसरतच जातं. तीन किलोच्या बाळाच्या अंगात एकूण रक्त जेमतेम अडीचशे मिली. त्यातलं बरंचसं त्या पोकळीत मावतं. डोकं पिलपिलीत लागतं, कान पुढे ढकलले जातात, बाळ पांढरं पडतं. इथे 'टेंगूळ आहे, जिरेल' हे वाक्य बाळाच्या जिवावर बेततं. मूळ कागदात कोणतं नाव आहे ते आधी पाहा.

माजघर
रानजाईताई, फार उपयोगी लिहिलंत. माझ्या भाचीच्या बाळाला असंच टेंगूळ होतं. न्हाऊ घालणाऱ्या बाई रोज तेल लावून ते चोळून बसवायला बघायच्या. 'डोकं घोटून गोल करते' म्हणायच्या. आमच्याकडे टाळू भरणे म्हणजे टाळूवर तेल थापणे, तेही चालूच.

रानजाई
चोळू नये, शेकू नये, सुईने रक्त काढू नये. सुईने जंतू आत जातात. तेल हलक्या हाताने लावायला हरकत नाही, टाळूवर दाब नको.

पाटाचं पाणी
हे सगळे परके शब्द कशाला? सुश्रुतसंहितेत अडलेल्या गर्भाला मूढगर्भ म्हटलं आहे आणि यंत्रांमध्ये संदंश आहे. फोर्सेप्सला संदंश लिहा.

चिंचेचा पार
आणि अर्जदार बाईला तिचाच अर्ज वाचून दाखवताना? 'चिमटा लावून काढलं' हे गावोगाव कळतं. व्हॅक्यूमलाही आपला शब्द आहे. त्याचं दुसरं नाव व्हेंटूज, फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ तुंबडी.

रानजाई
तुंबडी नको. तुंबडी लावून नासकं रक्त काढतात अशी लोकांची समजूत आहे.

कोर्टाची पायरी
शब्दांवरून निकाल कसा फिरतो त्याचं उदाहरण देतो. इंग्लंडमधला व्हाइटहाउस विरुद्ध जॉर्डन खटला. 1970 साली जन्मलेलं बाळ, मेंदूला इजा. आरोप असा की डॉक्टरांनी चिमट्याने फार वेळ आणि फार जोराने ओढलं, मग सिझेरियन केलं. पहिल्या न्यायाधीशांनी बाळाच्या बाजूने निकाल दिला. अपिलात न्यायाधीश लॉर्ड डेनिंग म्हणाले की निर्णयातली चूक म्हणजे निष्काळजीपणा नव्हे. डिसेंबर 1980 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, डॉक्टरांना निर्दोष ठेवलं, पण डेनिंग यांचं वाक्य मान्य केलं नाही. निर्णयातली चूक कधी निष्काळजीपणाची असते, कधी नसते, साधारण कौशल्याच्या डॉक्टरने काळजी घेऊन ती केली असती का ते बघायचं.

म्हणून शाईदौत, 'इजा' आणि 'निष्काळजीपणा' एका वाक्यात चिकटवू नका. टेंगूळ उत्तम डॉक्टरच्या हातूनही येतं. डॉक्टरांची सशुल्क सेवा ग्राहक कायद्यात येते हे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध शांता खटल्यात ठरवलं, तिथे शब्द 'सेवेत त्रुटी'. फौजदारीत 2005 च्या जेकब मॅथ्यू निकालाने 'घोर' निष्काळजीपणा लागतो. आपल्या पोलिसी कागदांत 'हयगय' असते. हयगय, हलगर्जीपणा, निष्काळजीपणा हे आलटूनपालटून वापरायचे शब्द नव्हेत.

माजघर
कायदा काहीही म्हणो, रात्रभर कळा देणाऱ्या बाईकडे कुणी फिरकलं नाही तर तिच्या घरचे 'हलगर्जीपणा'च म्हणणार. 'त्रुटी' शब्दाने माझा जीव चिडतो. त्रुटी अर्ज भरताना राहते.

नाचणी
हयगय आणि 'गय करणार नाही' मधली गय एकच असावी. गय म्हणजे सूट, ढिलाई.

पाटाचं पाणी
हय म्हणजे घोडा, गय म्हणजे हत्ती. घोडे-हत्ती राखताना ढिलाई झाली ती हयगय, असं आमचे गुरुजी सांगत.

नाचणी
हे ऐकायला छान आहे, पण एखादा जुना प्रयोग दाखवा.

चिंचेचा पार
हलगर्जीचं बघा. हिंदीत अलगरजी आहे, म्हणजे बेपर्वाई. त्यात गरज आहे. ज्याला गरज नाही तो अलगरजी, त्याचं आपल्याकडे हलगर्जी झालं.

शाईदौत
रानजाईताई, कागद पुन्हा पाहिला. इस्पितळाच्या डिस्चार्ज कार्डावर फक्त 'स्काल्प स्वेलिंग' आहे, प्रकार लिहिलेलाच नाही. मी 'डोक्यावरची सूज' ठेवू ना? आणि 'जन्मजात'चं काय करू, सहायक अडून बसला आहे.

पाटाचं पाणी
नाचणी, बखरींत 'हयगय न करणे' असं येतं. घोडदळाच्याच संदर्भात असावं. शोधून लिहितो.

माजघर
आमच्या सांगलीकडे हयगय माणसाची करतात, कामाची नाही. 'पोराची हयगय केली' म्हणजे त्याची आबाळ केली. हा अर्थ कुणी धरलाच नाही.